प्लॅटिनमचाही श्वास कोंडतो

थंडीच्या दिवसांत एक बातमी जवळजवळ दरवर्षी वाचायला मिळते. उत्तरेत कुठल्याशा गावात कडाका फार म्हणून घरातल्यांनी खोलीत कोळशाची शेगडी पेटवली, दारं-खिडक्या घट्ट लावल्या आणि झोपले. सकाळी कुणी उठलंच नाही. पुणे-नाशिककडे शेगडीच्या जागी बहुधा बाथरूममधला गॅस गीझर असतो. दोन्हीकडे जीव घेणारा वायू एकच, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनवर जी जागा ऑक्सिजनची, तिथे हा जाऊन बसतो आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट बसतो. माणूस श्वास घेत राहतो, पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही.

हाच वायू एका धातूचाही श्वास कोंडतो. तो धातू म्हणजे सराफाच्या दुकानात सोन्याशेजारी दिसणारं प्लॅटिनम. आणि त्यामुळे एक फार कामाचं यंत्र गेली कित्येक दशकं अर्ध्या वाटेवर अडून बसलं आहे. या यंत्रात एका बाजूने मिथेनॉल नावाचा द्रव घालायचा आणि दुसऱ्या बाजूने वीज घ्यायची. धूर नाही, जनरेटरची घरघर नाही, चार्जिंगला तासन्‌तास लावून ठेवणं नाही. डोंगरावरचं हवामान केंद्र, जंगलातला कॅमेरा, पुरात तुटलेल्या गावातला वायरलेस संच, अशा ठिकाणी ते किती उपयोगी पडेल याचा तुम्हीच विचार करा. मग ते आपल्या घरात का नाही? त्याची गोष्ट सांगायची तर एका केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी लहान अशा कणांपर्यंत जावं लागेल. चला, जाऊन येऊ.

डबा आणि चूल

तुमच्या हातातल्या फोनची बॅटरी म्हणजे प्रवासातला जेवणाचा डबा. जेवढं भरलं तेवढंच, संपलं की संपलं, पुन्हा भरेपर्यंत थांबा. फ्युएल सेल म्हणजे चूल. लाकूड घालत राहाल तोवर ती चालते. फरक इतकाच की या चुलीत जाळ होत नाही. इंधन आणि ऑक्सिजन यांना एकमेकांना भिडू न देता, मधल्या पडद्याच्या दोन बाजूंना ठेवून, त्यांच्यातली देवाणघेवाण तारेतून करायला लावायची. ती तारेतली देवाणघेवाण म्हणजेच वीज.

कल्पना जुनी आहे. १८३९ च्या सुमारास विल्यम ग्रोव्ह या वेल्समधल्या गृहस्थाने हायड्रोजन आणि ऑक्सिजन वापरून असा पहिला घट बनवला. पेशाने तो वकील, पुढे न्यायाधीशही झाला. त्याच्या घटातही पट्ट्या प्लॅटिनमच्याच होत्या.

प्लॅटिनमच का, हे त्याआधीच थोडं कळलं होतं. १८१७ मध्ये हम्फ्री डेव्हीला दिसलं की ज्वलनशील वायू आणि हवेच्या मिश्रणात प्लॅटिनमची गरम तार धरली तर ज्योत न पेटताही तार लालभडक राहते. मग १८२३ मध्ये जर्मनीतल्या येना गावच्या डोबरायनरने गंमतच केली. सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनची धार सोडली की ती आपोआप पेट घेते, हे पाहून त्याने त्याचा चक्क दिवा बनवला. आगकाड्या घरोघरी येण्याआधी युरोपात हे दिवे लोक विड्या आणि मेणबत्त्या पेटवायला वापरत. स्वतः न झिजता दुसऱ्यांची क्रिया घडवून आणणाऱ्या अशा पदार्थाला आपण उत्प्रेरक म्हणतो. लग्न जुळवून देणारे काका जसे, जमवून देतात आणि आपण तसेच मोकळे राहतात.

आता हायड्रोजन सोडून मिथेनॉल कशाला? कारण हायड्रोजन वायू आहे आणि सांभाळायला कटकटीचा आहे. मोटारीच्या टाकीत पुरेसा मावावा म्हणून त्याला ७०० बार दाबाखाली कोंबावं लागतं. गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण दोन-सव्वादोन बार असतो, म्हणजे अंदाज आला असेल. मिथेनॉल मात्र पाण्यासारखा द्रव. साध्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये राहतो, ६५ अंशांना उकळतो आणि लडाखच्या थंडीतही गोठत नाही, कारण त्याला गोठायला उणे ९७ अंश लागतात. सर्वांत साधा अल्कोहोल म्हणजे हा: एक कार्बन, एक ऑक्सिजन, चार हायड्रोजन. हायड्रोजनचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो, तर मिथेनॉलचा एक रेणू पाण्याच्या एका रेणूला सोबत घेऊन सहा देतो.

विजेच्या बिलाच्या भाषेत सांगायचं तर आज बाजारात मिळणारे चांगले मिथेनॉल सेल सुमारे ०.९ लिटर मिथेनॉलमध्ये एक युनिट वीज देतात. एका युनिटमध्ये तुमचा फोन चाळीसहून अधिक वेळा पूर्ण चार्ज होईल. ऐकायला छान वाटतं. पण लिटरभर मिथेनॉलमध्ये मुळात साडेचार युनिटच्या आसपास ऊर्जा असते. म्हणजे पाऊण हिस्सा वाटेतच गेला. कुठे गेला, याचं बरंचसं उत्तर त्या चिकट वायूत आहे.

आधी या द्रवाची दुसरी बाजू

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगणं मला जरूर वाटतं. मिथेनॉल हे विष आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी भागात विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली, जून २०२४ मध्ये तमिळनाडूत कल्लाकुरिचीला साठाहून अधिक. दोन्हीकडे कारण मिथेनॉल. दिसायला, वासाला ते पिण्याच्या दारूतल्या इथेनॉलसारखंच, म्हणून भेसळ करणाऱ्यांचं फावतं.

ते शरीरात काय करतं हे आपल्या गोष्टीशी जोडलेलं आहे, म्हणून थोडं थांबतो. मिथेनॉल स्वतः तितकं घातक नसतं. यकृत त्याचे हायड्रोजन एकेक करून काढायला लागतं आणि त्यातून आधी फॉर्माल्डिहाइड, मग फॉर्मिक आम्ल तयार होतं. हे आम्ल डोळ्यांच्या नसांवर घाला घालतं, म्हणून वाचलेल्यांपैकी अनेकांची दृष्टी जाते. आता गंमत बघा, किंवा गंमत म्हणू नये, पण प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलचं जवळपास हेच होतं. हायड्रोजन एकेक करून सुटतात, वाटेत थोडं फॉर्माल्डिहाइड आणि फॉर्मिक आम्लही तयार होतं. यकृत आणि प्लॅटिनम दोघांनाही ही वाट सापडली, आणि दोघांनाही तिचा त्रास झाला.

म्हणूनच कुणी उद्या घरगुती मिथेनॉल चार्जर आणला तरी त्याचं इंधन सुट्ट्या बाटलीत मिळता कामा नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सध्याच्या यंत्रांसाठी ते बंद कॅनमध्येच विकलं जातं, थेट यंत्राला जोडायचं. लहान मुलं असलेल्या घरात मला तरी याहून सैल व्यवस्था चालणार नाही.

नेमकं अडतं कुठे

मिथेनॉलचा रेणू प्लॅटिनमवर येऊन बसला. त्याचे चारही हायड्रोजन एकापाठोपाठ एक सुटले. प्रत्येकाचा इलेक्ट्रॉन तारेतून तुमच्या दिव्याकडे गेला, उरलेला प्रोटॉन मधल्या पडद्यातून पलीकडे. इथपर्यंत सगळं झकास. पण मूळ रेणूत आता काय उरलं? एक कार्बन आणि एक ऑक्सिजन. कार्बन मोनॉक्साइड!

आणि तो हलत नाही. हिमोग्लोबिनमधल्या लोखंडाला जसा चिकटतो, तसाच प्लॅटिनमच्या अणूंना चिकटतो. नव्या मिथेनॉलला बसायला जागाच राहत नाही. लोकल ट्रेनच्या दारात चार माणसं ठाण मांडून उभी राहिली की आत जागा असूनही चढता येत नाही, तसं. त्याला तिथून घालवायचा उपाय एकच, आणखी एक ऑक्सिजन देऊन त्याचा कार्बन डायऑक्साइड करणं. कार्बन डायऑक्साइड प्लॅटिनमला चिकटत नाही, बुडबुडा होऊन निघून जातो.

इथे चौकस वाचक विचारेल: आमच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये पण प्लॅटिनम असतं, ते तर कार्बन मोनॉक्साइड मजेत पचवतं, तिथे कसं अडत नाही? प्रश्न अगदी बरोबर आहे. तिथेही अडतं, पण फक्त गाडी थंड असेपर्यंत. एकदा तापमान अडीचशे-तीनशे अंशांपुढे गेलं की चिकटलेले रेणू सुटायला लागतात आणि काम सुरू होतं. गाडी सुरू केल्यावरची पहिली मिनिटं सर्वांत जास्त धुराची असतात त्याचं हे एक कारण. मिथेनॉलचा सेल मात्र ६० ते ८० अंशांवर चालतो, म्हणजे कपातल्या गरम चहाइतका. एवढ्या उबेने कार्बन मोनॉक्साइड हलत नाही. आणि तापमान फार वाढवावं तर मधला पडदा सुकतो.

हायड्रोजनवर चालणाऱ्या सेललाही हा वायू सोसत नाही. २०२२ मध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी बनवलेली हायड्रोजन बस रस्त्यावर आली, तेव्हा तिचं कौतुक तुम्ही वाचलं असेल. वाहनांच्या अशा सेलना लागणाऱ्या हायड्रोजनमध्ये आंतरराष्ट्रीय मानकानुसार कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत ०.२ भागापेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे पन्नास लाख रेणूंमागे एक. मिथेनॉलच्या सेलमध्ये तर हा वायू बाहेरून यावा लागतच नाही. रोजच्या कामातून तो तिथेच जन्मतो.

शेजारी रुथेनियम

तर प्रश्न असा: चहाइतक्या उबेत त्या चिकटलेल्या वायूला जास्तीचा ऑक्सिजन कोण देणार? ऑक्सिजन पाण्यात आहे, आणि पाणी शेजारीच आहे. पण पाण्याचा रेणू फोडायला प्लॅटिनम नाखूश असतं. त्याच्याकडून ते करून घ्यायचं तर सेलने मिळवलेल्या व्होल्टेजमधला मोठा वाटा त्यातच जातो. कागदावर मिथेनॉलच्या एका सेलने १.२ व्होल्ट द्यायला हवेत. प्रत्यक्षात काम करताना ०.३ ते ०.५ मिळतात.

१९६० च्या दशकात काही प्रयोगशाळांच्या लक्षात आलं होतं की प्लॅटिनममध्ये रुथेनियम मिसळलं तर हा तोटा बराच कमी होतो. का होतो, याचं नीट स्पष्टीकरण १९७५ मध्ये जपानच्या वातानाबे आणि मोतो या दोघांनी दिलं. रुथेनियमला पाण्याचा रेणू फोडणं सोपं जातं. ते पाण्यातून ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी आपल्या अंगावर घेतं आणि शेजारच्या प्लॅटिनमवर अडकलेल्या कार्बन मोनॉक्साइडला देऊन टाकतं. झाला कार्बन डायऑक्साइड, गेला उडून, जागा मोकळी. म्हणजे मिथेनॉल फोडायचं काम प्लॅटिनमचं आणि जागा साफ करायचं रुथेनियमचं. गीझरच्या वायूने गुदमरलेल्या माणसालाही डॉक्टर ऑक्सिजनच देतात. तिथे ऑक्सिजन वायूला रेटून बाहेर काढतो, इथे त्याचं रूपच बदलतो, पण औषध एकच.

रुथेनियम हे नाव अनोळखी वाटेल. १८४४ मध्ये रशियातल्या कझान इथे कार्ल क्लाउस याने हा धातू शोधला आणि रशियाच्या जुन्या लॅटिन नावावरून त्याचं नाव ठेवलं. पण कदाचित तो तुमच्या बोटातही असेल. प्लॅटिनमच्या अंगठीवर आतून ९५० असा आकडा कोरलेला असतो. त्याचा अर्थ हजारात ९५० भाग प्लॅटिनम, आणि उरलेल्या ५० भागांत कडकपणासाठी दुसरा धातू. हा दुसरा धातू अनेकदा रुथेनियम असतो. सेलमध्ये मात्र दोघांचं प्रमाण साधारण निम्मंनिम्मं असतं, कारण प्रत्येक प्लॅटिनमच्या अणूला शेजार हवा.

ज्वारीच्या दाण्यातून टू बीएचके

आता नॅनोकणांकडे. उत्प्रेरकाचं सगळं काम पृष्ठभागावर चालतं, आतले अणू नुसते बसून असतात. सोन्यासारख्या महाग धातूच्या बाबतीत हे परवडणारं नाही. एक ग्रॅम प्लॅटिनमचा ठोकळा केला तर तो ज्वारीच्या दाण्याएवढा होईल, कारण हा धातू पाण्याच्या एकवीसपट जड आहे. त्या दाण्याचा एकूण पृष्ठभाग एक चौरस सेंटीमीटरही भरत नाही. आता त्याच दाण्याचे तीन नॅनोमीटर व्यासाचे गोळे करा. हिशेब करून पाहिला, पृष्ठभाग ९० चौरस मीटरच्या पुढे जातो. म्हणजे सुमारे हजार चौरस फूट. शहरात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, हे चांगल्यापैकी टू बीएचके झालं, तेही एका ज्वारीच्या दाण्यातून.

अशा एका कणात जेमतेम नऊशे-साडेनऊशे अणू असतात आणि त्यातले तिसऱ्या हिश्शाहून जास्त पृष्ठभागावर, म्हणजे कामावर.

हे बनवतात कसे? वाटतं तितकं अवघड नाही, निदान प्रयोगशाळेत. प्लॅटिनम अम्लराजात विरघळवून त्याचं नारिंगी-पिवळं द्रावण करतात. रुथेनियमचा क्षार त्यात मिसळतात. मग बारीक काजळी घालतात. काजळी म्हणजे खरोखरच काजळी, कार्बनची भुकटी, तिच्यातून वीज वाहते आणि कणांना बसायला ती भरपूर जागा देते. हे मिश्रण ग्लायकॉलमध्ये, म्हणजे गाडीच्या कूलंटमधल्या गोडसर द्रवात, तापवतात. ग्लायकॉल धातूच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतं, आयनांचे पुन्हा अणू होतात, अणू गोळा होऊन कण होतात आणि काजळीवर बसतात. द्रावणाचा रंग उडतो, खाली काळी पूड राहते. सराफाकडच्या पांढऱ्याशुभ्र प्लॅटिनमशी तिचं काही नातं आहे असं सांगूनही पटणार नाही.

आकार कमी केला की फायदाच फायदा, असंही नाही. कण दोन नॅनोमीटरच्या खाली गेले की त्यांच्या काठा-कोपऱ्यांवरचे अणू कार्बन मोनॉक्साइडला आणखी घट्ट धरतात आणि कण टिकतही नाहीत. तीनच्या आसपास बरं जमतं.

कुल्फी खरखरीत का होते

फ्रीजरमध्ये फार दिवस राहिलेली कुल्फी खाल्ली आहे? सुरुवातीला मऊ असते, महिन्याभरात जिभेला बर्फाचे खडे लागतात. लहान स्फटिक विरघळत जातात, मोठे आणखी मोठे होत जातात. प्लॅटिनमच्या कणांचंही हेच होतं. सेल चालतो तसतसे लहान कणांतले अणू निसटून मोठ्यांवर जाऊन बसतात, काही कण काजळीवरून घसरत एकमेकांना चिकटतात. टू बीएचकेचं हळूहळू वन आरके होतं.

रुथेनियमचं दुखणं वेगळंच. ते थोडंथोडं विरघळतं आणि पडद्यातून पार होऊन पलीकडच्या, ऑक्सिजनच्या बाजूला जाऊन बसतं. तिथे ते कुणालाच नको असतं आणि तिथल्या प्लॅटिनमचं काम मंदावतं. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेने २००४ मध्ये हे दाखवून दिलं. तोवर सेलची ताकद का घटते याचा दोष भलत्याच गोष्टींवर जात होता.

पडद्यातून आणखी एक गळती होते, खुद्द मिथेनॉलची. हा पडदा नॉनस्टिक तव्याच्या लेपाचा चुलतभाऊ आहे, प्रोटॉनला पाण्याच्या साथीने वाट देणारा. पण मिथेनॉल पाण्यात इतकं बेमालूम मिसळतं की पाण्याच्या गर्दीतून तेही पलीकडे सटकतं आणि तिथे वीज न देता वाया जातं. यावर तोडगा म्हणून सेलच्या आत इंधन अगदी पातळ करतात, कित्येकदा लिटरभर पाण्यात जेमतेम ४० मिलिलिटर मिथेनॉल. म्हणजे वर अभिमानाने सांगितलेला तो दाट ऊर्जेचा द्रव आत जाताना ताकासारखा होऊन जातो. मला विचाराल तर या क्षेत्रातली सर्वांत चिडवणारी गोष्ट ही आहे. उत्प्रेरकावर हजारो लोक काम करतात आणि पडद्याकडे त्यामानाने दुर्लक्ष होतं.

आता खर्चाचं. हायड्रोजनच्या सेलला दर चौरस सेंटीमीटरमागे अर्ध्या मिलीग्रॅमपेक्षा कमी प्लॅटिनम पुरतं. मिथेनॉलच्या सेलला मात्र एकट्या इंधनाच्या बाजूला २ ते ४ मिलीग्रॅम मौल्यवान धातू वापरण्याची रीत आहे, त्यात पलीकडची बाजू वेगळी. एवढ्या जागेतून मिळणारी वीज ५० ते १०० मिलीवॅट. ढोबळ हिशेब मांडला तर १०० वॅटसाठी, म्हणजे एक पंखा आणि दोन-तीन एलईडी दिवे चालवायला, पाच-दहा ग्रॅम धातू लागतो. तोळाभरच म्हणा. जगात खाणींतून सोनं वर्षाला तीन हजार टनांहून जास्त निघतं, तर प्लॅटिनम दोनशे टनांच्या आत, आणि त्यातलं बहुतांश एकट्या दक्षिण आफ्रिकेतून. रुथेनियम तर तीसेक टन, तेही प्लॅटिनम काढताना हाती लागेल तेवढंच. प्रत्येक घरात तोळा-तोळा बसवायचा म्हटलं तर हिशेब कुठे जातो, ते दिसतंच.

तरीही कुणीतरी वापरतंच

१९९० च्या दशकात अमेरिकेत नासाची जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळा आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी मिळून आजच्या धाटणीचा मिथेनॉल सेल घडवला. त्यात नोबेल विजेते जॉर्ज ओला होते, आणि सूर्य प्रकाश आणि नारायणन हे दोन भारतीय वंशाचे शास्त्रज्ञही. त्याआधी मिथेनॉलमध्ये गंधकाम्ल मिसळून सेल चालवत, ते तेजाब या घन पडद्यामुळे गेलं.

पुढे २००९ मध्ये तोशिबाने जपानमध्ये खिशात मावणारा मिथेनॉल चार्जर विकायला काढला, फक्त ३,००० नग. घराघरांत तो पोचला नाही. लिथियमच्या पॉवर बँका इतक्या स्वस्त झाल्या की त्याला वावच राहिला नाही. आणि तो निकाल योग्यच होता असं मला वाटतं. भिंतीत सॉकेट असेल तर मिथेनॉल कशाला?

सॉकेट नाही तिथे मात्र चित्र पालटतं. म्युनिकजवळची एसएफसी एनर्जी ही कंपनी वीसेक वर्षं असे सेल विकते आहे. फिरत्या घरांच्या गाड्या, रस्त्यावरचे कॅमेरे, दूरवरची मोजणी यंत्रं, जर्मन लष्कराची उपकरणं, अशी त्यांची गिऱ्हाइकं. हिवाळ्यात दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही तिथे सौर पॅनेलच्या जोडीला हा सेल ठेवतात. बॅटरी बदलायला दर आठवड्याला माणूस डोंगरावर पाठवण्यापेक्षा काही महिन्यांतून एकदा कॅन पोचवणं स्वस्त पडतं. तिथे तोळाभर प्लॅटिनमची किंमत वसूल होते.

भारतात मिथेनॉलकडे सरकारचं लक्ष आहे, पण जास्त करून जाळण्याचं इंधन म्हणून. नीती आयोगाने त्यासाठी कार्यक्रम आखला. आसाममध्ये नामरूपच्या कारखान्याने २०१८ मध्ये मिथेनॉलवर चालणाऱ्या स्वयंपाकाच्या शेगड्या आणल्या, २०२२ मध्ये तिनसुकियात १५ टक्के मिथेनॉल मिसळलेलं पेट्रोल चाचणीसाठी विक्रीला आलं, आणि हैदराबादला भेलने आपल्या राखयुक्त कोळशापासून मिथेनॉल बनवून दाखवलं. सध्या मात्र आपण लागणाऱ्या मिथेनॉलपैकी बरंचसं आयात करतो. आणि कोळशापासून बनवलेलं मिथेनॉल सेलमध्ये घातलं तर धूर दिसला नाही तरी कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच, हे विसरायला नको. आइसलँडमध्ये भूगर्भातून येणारा कार्बन डायऑक्साइड पकडून त्यापासून मिथेनॉल करणारा कारखाना आहे, त्याला ओलांचंच नाव दिलं आहे. तिथलं गणित वेगळं.

'दहापट ताकदवान उत्प्रेरक'

या विषयावरच्या बातम्या तुमच्या फोनवर अधूनमधून येत असतील. अमुक विद्यापीठाने प्लॅटिनममध्ये निकेल मिसळलं, तमुक ठिकाणी काजळीऐवजी ग्राफीन वापरलं आणि कण दहापट ताकदवान झाले. बातमी खोटी नसते. पण चाचणी बहुतेक वेळा आम्लाच्या ग्लासात, बोटाच्या नखाहून लहान चकतीवर, चिमटीत मावणार नाही एवढ्या पुडीवर केलेली असते. पुढच्या वेळी वाचाल तेव्हा तो कण किती तास चालवून पाहिला ते शोधा. वर्षात ८,७६० तास असतात आणि डोंगरावरच्या यंत्राला ते सगळे चालायचं असतं. तासाभराच्या चाचणीत कुल्फी खरखरीत होत नाही. दहापट म्हणजे कशाच्या दहापट, हेही बघा. नुसत्या प्लॅटिनमच्या दहापट असेल तर फारसं विशेष नाही, त्याला तर रुथेनियमने १९७५ च्या आधीच मागे टाकलं होतं. निकेल-तांब्यासारखे स्वस्त धातू आम्लात विरघळतात, हा आणखी एक पेच आहे.

मला स्वतःला आशा वाटते ती वेगळ्याच एका निष्कर्षावरून. २००६ मध्ये स्पेनमधले रसायनशास्त्रज्ञ आंखेल क्वेस्ता यांनी प्लॅटिनमच्या गुळगुळीत पृष्ठभागावरचे काही अणू सायनाइडने झाकून पाहिले. उघडे अणू एकमेकांना लागून तीन असतील तरच मिथेनॉलपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, असं त्यांना आढळलं. तिघांची टोळी फोडली की मिथेनॉल फॉर्मिक आम्लाच्या वाटेने जातं आणि तो चिकट वायू जन्मालाच येत नाही. म्हणजे चिकटलेल्याला हाकलण्याऐवजी त्याला येऊच न देणारी रचना. त्यासाठी प्लॅटिनमचे अणू दुसऱ्या धातूच्या अणूंमध्ये एकेक-दोनदोन असे पेरायचे, कणाच्या प्रत्येक बाजूवर, आणि हजारो तास ते तिथून हलू द्यायचे नाहीत. सपाट पृष्ठभागावर हे जमलं आहे. तीन नॅनोमीटरच्या, गरम पाण्यात सतत हलणाऱ्या, नऊशे अणूंच्या गोळ्यावर ते टिकवायचं काम अजून चालू आहे.